सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात विश्वास पुन्हा कसा उभा राहील? नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी नागपुरात सरकार आणि विरोधी पक्ष दोघंही मुक्कामाला येतात. रामगिरी, देवगिरी, रविभवन, आमदार निवास, सगळी सरकारी निवासस्थानं भरून जातात. त्या दिवसांत लोक जे प्रश्न विचारतात आणि महापालिका, जिल्हा नियोजन समिती यांच्याबद्दल वर्षभर जे विचारत राहतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं कोणत्याही पक्षाची बाजू घेणारी नाहीत. मतं मात्र आहेत, आणि ती उघडपणे मांडली आहेत.

विश्वास म्हणजे इथे नेमकं काय? सगळ्यांनी एकमेकांशी गोड वागायचं का?

दिलेला शब्द पुढे गैरसोयीचा झाला तरी समोरचा तो पाळेल, एवढी खात्री म्हणजे विश्वास. त्यासाठी विचार जुळायला लागत नाहीत. कामकाज सल्लागार समितीत ठरलं की गुरुवारी कापूस-सोयाबीनच्या भावावर चर्चा, तर ती गुरुवारीच व्हावी, शेवटच्या दिवशी रात्री रिकाम्या बाकांसमोर उरकली जाऊ नये. विरोधकांनी सांगितलं की पुरवणी मागण्यांवर (अंदाजपत्रकाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्यांवर) बोलू पण मतदान अडवणार नाही, तर त्यांनी ते अडवू नये. अशा बारक्या गोष्टी काही अधिवेशनं सलग पाळल्या गेल्या की मग मोठी गोष्ट मागण्याची हिंमत होते. सुरुवात मोठ्या गोष्टीपासून केली की फसते.

"दिवसभर एकमेकायले वाट्टेल ते बोलतात अन् रात्री सोबत जेवतात. मग हे सारं नाटकच नाही का?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा चिडून येतो. सोबत जेवण्यात वावगं काही नाही. भंडाऱ्याचा आणि बारामतीचा आमदार एकमेकांच्या घरची विचारपूस करत असतील तर चांगलंच आहे. पण त्या ओळखीवर राज्यकारभार चालवता येत नाही. दोस्ती दोन माणसांपुरती असते. त्यांतला एक निवडणूक हरला की फोनवरचा शब्दही त्याच्यासोबत घरी जातो.

लोकांची खरी शंका वेगळीच असते: हे सहकार्य आहे की साटंलोटं? ती शंका रास्त आहे. ओळखायची खूण एकच, ठरलेली गोष्ट कागदावर आहे का आणि तो कागद आपल्याला पाहता येतो का. दोन पक्षांनी मिळून कंत्राटं वाटून घेतली तर ती मिलीभगत. विरोधकाने अवघड प्रश्न विचारायचं सोडलं तर तीही मिलीभगतच. विरोधकाने अवघड प्रश्न विचारायचा आणि मंत्र्याने वेळेत, खरं उत्तर द्यायचं, याला सहकार्य म्हणायचं. नागपूरकराने सत्ताधारी-विरोधकांच्या जेवणावळीचे फोटो बघण्यापेक्षा तारांकित प्रश्नांची (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नांची) उत्तरं वाचावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा विश्वास तुटला कधी?

पूर्वी सगळे सज्जन होते आणि मग एकदम बिघडले, असं काही नाही. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार आतूनच पडलं आणि शरद पवार पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दलाचे) मुख्यमंत्री झाले. पक्षांतराला आळा घालायला १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावी अनुसूची आली. तीत विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर त्यांना संरक्षण होतं. ती पळवाट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने बंद केली. आजार जुनाच आहे.

तरी नोव्हेंबर २०१९ पासूनचा काळ वेगळा म्हणावा लागतो. निवडणूक एकत्र लढलेली युती निकालानंतर मोडली. २३ नोव्हेंबरला सकाळी एक शपथविधी झाला आणि २८ नोव्हेंबरला दुसराच. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं आणि अध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला (आमदारांना पक्षादेश देणाऱ्याला) मान्यता देणं, हे दोन्ही घटनापीठाने चुकीचं ठरवलं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला असल्यामुळे जुनं सरकार परत आणता येणार नाही, असंही सांगितलं.

यात बरोबर कोण, हे जवळपास प्रत्येक मराठी माणसाने मनाशी ठरवून टाकलं आहे. इथे तो वाद नको. कारभारावर काय परिणाम झाला ते बघावं. ३० जून २०२२ रोजी शपथ घेतलेले दोघेच जण ९ ऑगस्टपर्यंत अख्खं मंत्रिमंडळ होते. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नावांना स्थगिती मिळाली. एकाच सरकारातल्या मित्रपक्षांमध्ये इतकी ओढाताण असेल, तर विरोधकाशी शब्द ठरवायला कोण धजणार?

नागपूर कराराचा या सगळ्याशी काय संबंध?

खूप जवळचा. एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांनी कागद करून पुढे जायचा प्रयत्न केला, त्याचं आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून झालेला २८ सप्टेंबर १९५३ चा करार. सह्या करणारे बहुतेक काँग्रेसचेच होते, यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख. पण पक्ष एक असला तरी मनं एक नव्हती. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होतं. राजधानीपण सोडून मुंबईच्या राज्यात जायचं तर आपल्या पदरात काय पडणार, हा विदर्भाचा सवाल होता. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने तर वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली.

करार नीट वाचला तर त्यात दोन तऱ्हेची कलमं दिसतात. काही अगदी रोखठोक आहेत: वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, उच्च न्यायालयाचं पीठ नागपूरला. काही सैल आहेत: निधी, नोकऱ्या, तांत्रिक शिक्षणाच्या सोयी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि मागास भागाकडे खास लक्ष देऊन. पहिली कलमं टिकली. अधिवेशन १९६० पासून भरतं. मोजके अपवाद झाले, त्यांत कोविडमुळे २०२० आणि २०२१ ही लागोपाठ दोन वर्षं गेली. तेवढ्यावरूनही विदर्भात केवढी कुरबुर झाली ते आठवा. खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्ये उभं आहे.

दुसऱ्या कलमांचं काय झालं ते प्रत्येक वैदर्भीय जाणतो. किती द्यायचं, कधीपर्यंत द्यायचं आणि दिलं की नाही हे कोण मोजणार, यांपैकी काहीच लिहिलेलं नव्हतं. मोजणी व्हायला वि. म. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल यावा लागला आणि 'अनुशेष', म्हणजे विकासातली साचलेली तूट, हा शब्द घरोघरी पोचला. राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदाखालची प्रदेशवार विकास मंडळं १९९४ मध्ये आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मधल्या काळात केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा सगळा हिशेब मांडला. सिंचनाचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते १९८८ मध्ये झालं, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. खर्चाचा आकडा पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. तेव्हापासून महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक मोठा पक्ष सत्तेत बसून गेला आहे, त्यामुळे त्याचं खापर एका पक्षाच्या माथी फोडता येत नाही.

माझ्या मते या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. नुसत्या चांगल्या हेतूचं कलम पहिल्या अडचणीला गळून पडतं. आकडा, तारीख आणि मोजणारा तिसरा माणूस, या तीन गोष्टी असतील तरच शब्द तग धरतो.

पक्ष एकमेकांच्या विरोधात असूनही काही मोठं घडलं, असं महाराष्ट्रात आहे का?

रोजगार हमी. याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी आधी सांगलीकडे तासगाव तालुक्यातल्या काही गावांत करून पाहिली. १९७२ चा दुष्काळ पडला आणि लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली, तेव्हा ती योजना राज्यभर गेली. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा एकमताने केला. पैशाची सोयही त्याच वेळी विचारात घेतलेली होती. व्यवसाय कर शहरातल्या नोकरदारांनी भरायचा, त्याच्याइतकीच रक्कम राज्याने घालायची आणि काम खेड्यातल्या मजुराला द्यायचं. शहरी मतांवर निवडून येणाऱ्यांनीही याला हात वर केला, ही साधी गोष्ट नाही.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. कायदा झाला वसंतदादांच्या काळात आणि अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून, म्हणजे त्यांचं सरकार पडल्यावर आलेल्या पुलोदच्या काळात. ज्या मंडळींमध्ये तेव्हा विस्तवही जात नव्हता, त्यांतल्या एकाने दुसऱ्याचा कायदा फाईलबंद केला नाही. शिवाय विधिमंडळाची रोहयो (रोजगार हमी योजना) समिती होती. तिच्यात सगळ्या पक्षांचे आमदार असत, ते जिल्ह्यात जाऊन हजेरीपट तपासत. देखरेखीत विरोधकांचाही वाटा होता, म्हणून कायदा त्यांनाही आपला वाटला. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव पुढ्यात होता.

केंद्रात एक पक्ष आणि राज्यात दुसरा असेल तर?

आपली मेट्रो बघा. २१ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. त्याआधी सोलापुरातल्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांच्या भाषणात गोंधळ घातला होता, म्हणून ते नागपूरच्या कार्यक्रमाला आलेच नाहीत. व्यासपीठावरचे संबंध इतके बिघडलेले होते. तरी मेट्रो अडली नाही. मार्च २०१९ मध्ये पहिली गाडी धावली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. मधल्या आठ वर्षांत मुंबईत वेगवेगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. टिकण्याचं मुख्य कारण मला तिच्या रचनेत दिसतं: केंद्र आणि राज्य समान भागीदार असलेली कंपनी, कोणाचा वाटा किती हे आधीच ठरलेलं.

जीएसटीची गोष्टही याच जातीची. राज्यांच्या अर्थमंत्र्यांची अधिकारप्राप्त समिती २००० मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात झाली आणि तिचं अध्यक्षपद दिलं पश्चिम बंगालच्या असीम दासगुप्तांना, म्हणजे कम्युनिस्ट अर्थमंत्र्याला. राज्यांना भीती होती की कर लावण्याचा अधिकार एकदा हातचा गेला की दिल्लीच्या तोंडाकडे बघत बसावं लागेल. ती भीती भाषणांनी गेली नाही. २०१५-१६ हे पायाभूत वर्ष, दरसाल १४ टक्के वाढ धरायची, कमी पडेल ते पाच वर्षं केंद्राने भरून द्यायचं, असं कायद्यात लिहिल्यावर ती थोडी निवळली. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे एकट्याच्या जोरावर कोणालाच रेटून नेता येत नाही. डिसेंबर २०१९ पर्यंत तिथे मतदान घ्यायची वेळच आली नव्हती. २०२० मध्ये कोविडने उत्पन्न कोसळलं, भरपाईवरून भांडण पेटलं आणि अखेर केंद्राने कर्ज काढून राज्यांना दिलं. भांडण झालं, पण कायद्यात आकडा असल्यामुळे कशावर भांडायचं हे दोघांनाही ठाऊक होतं.

विरोधी पक्षाला सरकारने काय द्यायला हवं?

उपकार म्हणून काही देऊ नये, त्यांच्या हक्काचं आहे तेवढं द्यावं.

विरोधी पक्षनेतेपद हे त्यातलं पहिलं. २०२४ च्या निवडणुकीत विरोधी बाजूच्या एकाही पक्षाला २८८ पैकी २९ जागा गाठता आल्या नाहीत, आणि एकूण जागांच्या दहा टक्के हव्यात हा मुद्दा पुढे करून विधानसभेतलं हे पद रिकामं राहिलं. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा राज्याचा कायदा १९७८ चा आहे. त्यात विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा आणि अध्यक्षांच्या मान्यतेचा विचार आहे, टक्केवारीची अट नाही. अध्यक्षांनी मोठं मन दाखवावं, असं मी म्हणणार नाही, कारण मोठ्या मनावर सोपवलं की ते पुढच्या अध्यक्षाच्या स्वभावावर जातं. नियमच स्पष्ट करावा: सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता तो विरोधी पक्षनेता. आज जे सत्तेत आहेत त्यांनाही हा नियम कधीतरी उपयोगी पडणार आहे.

दुसरं, सरकारच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद. लोकसभेत ते १९६७ पासून विरोधकांकडे जातं, त्या वर्षी विरोधातल्या स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले. तिसरं सभागृहाचं उपाध्यक्षपद. विरोधकांकडे ते द्यावं असा चांगला संकेत होता, पण २०१९ नंतर लोकसभेत ते भरलंच गेलं नाही. चौथं, विरोधकांच्या अंतिम आठवडा प्रस्तावावर (अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यातल्या चर्चेवर) बोलायला पुरेसा वेळ आणि उत्तर द्यायला स्वतः मुख्यमंत्री.

पहिलं पाऊल कोणी टाकायचं?

ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने. ज्याच्याजवळ फक्त आवाज आहे, त्याने आधी आवाज खाली करावा ही अपेक्षा अन्यायाची आहे.

अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात, तो प्रसंग घ्या. नागपुरात हे रामगिरीवर, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या इथल्या निवासस्थानी, होतं. हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या असतात, सत्ताधारी मंत्री येतात, आणि त्याच सुमारास विरोधक पत्रकार परिषदेत बहिष्काराचं पत्र वाचून दाखवत असतात. पत्रात मुद्द्यांची भली मोठी यादी असते: शेतकरी आत्महत्या, कायदा-सुव्यवस्था, विदर्भाचा अनुशेष. थोड्या वेळाने मुख्यमंत्री आपल्या पत्रकार परिषदेत त्या पत्राची खिल्ली उडवतात. खुर्च्यांवरचे पक्ष बदलले, तरी हा क्रम वर्षानुवर्षं तसाच चालू आहे. दोन्ही बाजूंचे नेते या दोन्ही खुर्च्यांवर बसून गेलेले आहेत, म्हणून मला याचं जास्त वाईट वाटतं.

करायचं काय? चहा राहू द्या बाजूला. सरकारने बहिष्काराच्या त्या पत्रालाच लेखी उत्तर द्यावं, मुद्देसूद, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी. पाच मुद्दे मान्य नसतील तर तसं लिहावं. एखाद्या मुद्द्यावर चर्चा मान्य असेल तर दिवस आणि वेळ लिहावी. विरोधकांनी त्या दिवशी सभागृहात बसून ती चर्चा पूर्ण करावी, पायऱ्यांवर फलक घेऊन उभं राहणं त्या दिवसापुरतं बाजूला ठेवावं. याला खर्च काही येत नाही.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचं पुढे काय होतं?

याकडे लोकांचं लक्ष फार कमी जातं, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. लक्षवेधी सूचना लागते, म्हणजे तातडीच्या विषयाकडे आमदार मंत्र्यांचं लक्ष वेधतो. यवतमाळचा आमदार विचारतो, अमुक धरणाच्या कालव्याचं काम का थांबलं. मंत्री कागद बघून उत्तर वाचतात, त्याने समाधान होत नाही. उपप्रश्न येतात, मंत्र्यांच्याच पक्षाचा आमदारही उठतो. शेवटी मंत्री म्हणतात, "एक महिन्यात बैठक लावतो, दोषी असतील तर कारवाई करू." बाकं वाजतात, पुढची लक्षवेधी पुकारली जाते.

वर्तमानपत्रासाठी गोष्ट तिथे संपते. विधिमंडळ सचिवालयासाठी तिथे सुरू होते. ते वाक्य कामकाजाच्या प्रतिवेदनातून काढून आश्वासन म्हणून नोंदवलं जातं, विभागाकडे पाठवलं जातं, आणि ठरलेल्या मुदतीत त्याची पूर्तता कळवावी लागते. ती झाली नाही तर आश्वासन समिती सचिवांना साक्षीला बोलावते. या समितीत सगळ्या पक्षांचे सदस्य असतात, बैठक बंद दाराआड होते, कॅमेरा नसतो. आणि तिथे एक वेगळंच चित्र बघायला मिळतं, असं त्या खोलीत बसलेले आमदार सांगतात: सत्ताधारी आमदारही विरोधकासोबत मिळून अधिकाऱ्याला धारेवर धरतो, कारण कालवा दोघांच्याही तालुक्यातून जातो.

विश्वास उभा करायचा तर या समितीपासून करावा, असं माझं ठाम म्हणणं आहे. प्रलंबित आश्वासनांची यादी विभागवार, तारखेसकट, प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सर्वांना वाचता येईल अशी मांडावी. समितीचं अध्यक्षपद विरोधकांना द्यावं.

"विरोधी आमदाराच्या मतदारसंघात निधीच येत नाही." हे खरं आहे का?

तक्रार खरी आहे, आणि ती आलटून पालटून सगळ्यांची असते. आमदार स्थानिक विकास निधी सर्वांना सारखा मिळतो, आणि त्यावरून पक्षापक्षांत भांडण झाल्याचं फारसं ऐकू येत नाही. भांडण असतं ते २५१५ या लेखाशीर्षाखालच्या गावांतल्या कामांवरून, पुरवणी मागण्यांतल्या कामांवरून आणि जिल्हा नियोजन समितीतल्या वाटपावरून. तिथे पालकमंत्र्याच्या शब्दाला वजन आहे आणि वाटपाचं सूत्र कुठे भिंतीवर लावलेलं नसतं.

सरकार बदललं की आधीच्यांनी मंजूर केलेल्या कामांना स्थगिती, हा तर नेमच झाला आहे. २०१९ च्या अखेरीस आलेल्या सरकारने मुंबई मेट्रोच्या आरे कारशेडचं काम थांबवलं. २०२२ मध्ये आलेल्या सरकारने आधीच्या सरकारने मंजूर केलेली ढीगभर कामं थांबवली, त्यावर लोक उच्च न्यायालयात गेले. यात मरण होतं ते ज्या गावच्या नालीचं टेंडर निघालं होतं त्या गावाचं.

यावर दोन गोष्टी तातडीने करता येतील. जिल्हा नियोजन समितीचं वाटप लोकसंख्या, क्षेत्र आणि मागासलेपण यांच्या सूत्राने व्हावं आणि ते तालुकावार जाहीर व्हावं. आणि कार्यादेश निघालेल्या कामाला स्थगिती द्यायची असेल तर प्रत्येक कामाचं कारण वेगळं लिहावं, एका ओळीच्या आदेशाने शेकडो कामं थांबवू नयेत.

सभागृह बंद पडलं तर आमचं काय जातं?

नागपूरचं अधिवेशन आठवडा-दोन आठवड्यांचं. करार करणाऱ्यांच्या मनात होतं त्यापेक्षा फार आखूड. त्यातले दोन दिवस गोंधळात गेले तर विदर्भाच्या किती लक्षवेधी पटलावरच राहतात, मोजून बघा. आणि बाहेर मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला, यशवंत स्टेडियमजवळ मोर्चे थांबलेले असतात. गडचिरोलीहून, मेळघाटातून माणसं रात्रभर प्रवास करून येतात. त्यांचं निवेदन घ्यायला मंत्री येणार की नाही, आत कोणी त्यांचा विषय काढणार की नाही, हे आतल्या कामकाजावर ठरतं. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच शहरात, अधिवेशन चालू असताना, गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. त्यांत बायका-लेकरं खूप होती. ती माणसं आपलं म्हणणं सरकारच्या कानावर घालायला आली होती. हे शहर ते विसरलेलं नाही, आणि सभागृहात बसणाऱ्या कोणीही विसरू नये.

आघाडी किंवा महायुतीतल्या पक्षांनी आपसात काय करावं?

निवडणुकीआधी लिहून ठेवावं. मुख्यमंत्री कोणाचा, खाती कशी, पालकमंत्री कसे, सगळं. बंद खोलीत काय ठरलं होतं यावर २०१९ मध्ये अख्खी युती मोडली, कारण खोलीतून कागद बाहेर आलाच नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात महाविकास आघाडीने किमान समान कार्यक्रम जाहीर केला, तो थोडक्यात होता. जर्मनीत आघाडीचा करार शंभराच्या वर पानांचा असतो. २०१३ मध्ये तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने तो आपल्या सगळ्या सदस्यांपुढे मतदानाला ठेवला होता. आपल्याकडे कार्यकर्त्याला आघाडी झाल्याचं टीव्हीवरून कळतं.

सगळ्यांचं मिळून एकच सरकार केलं तर?

उत्तर आयर्लंडने १९९८ च्या करारानंतर साधारण तेच केलं. ब्रिटनसोबत राहू पाहणारे आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे, या दोन्ही बाजू सरकारात असल्याच पाहिजेत, अशी रचना. रक्तपात थांबला, ही फार मोठी गोष्ट. पण एक बाजू उठून गेली की सगळंच ठप्प होतं: २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४, तिथलं सरकार बंद होतं. शिवाय विरोधकच उरला नाही तर प्रश्न कोण विचारणार? महाराष्ट्राला त्याची गरज नाही. सक्षम सरकार, सक्षम विरोधक आणि दोघांमध्ये पाळले जाणारे नियम, एवढं पुरे.

महापालिकेत यातलं काय लागू होतं?

बरंचसं. स्थायी समितीत पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात सदस्य जातात, म्हणजे सोबत बसण्याची सोय कायद्यातच आहे. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होता. त्या काळात नाल्या तुंबल्या तर नगरसेवकाकडे जायची सोय नव्हती आणि अंदाजपत्रकावर महालच्या टाउन हॉलमध्ये भांडायला कोणी नव्हतं. भांडणारे सभागृह परवडतं, रिकामं सभागृह परवडत नाही, हे नागपूरकरांनी तेव्हा अनुभवलं. नाग नदीच्या शुद्धीकरणाचं काम केंद्र, राज्य आणि महापालिका तिघांच्या पैशाने व्हायचं आहे. त्यात कोणाचा हप्ता कधी यायचा आणि कधी आला, याचा तक्ता सर्वपक्षीय नगरसेवकांच्या समितीसमोर दर तिमाहीला यावा, ही मागणी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे कोणीही करू शकतो.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर अधिवेशनात जाता येतं का?

येतं. प्रेक्षक गॅलरीचा पास आमदारांच्या शिफारशीने मिळतो, म्हणून आपल्या आमदाराच्या कार्यालयात आधीच नाव द्यावं आणि ओळखपत्र सोबत ठेवावं. मोबाइल आत नेता येत नाही. कामकाजाचं थेट प्रक्षेपणही होतं. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सुरू असताना जावं, आणि आपल्या तालुक्याच्या विषयावर मंत्र्यांनी मुदत दिली तर ती तारीख लिहून घ्यावी. मुदत उलटल्यावर त्या तारखेचा उल्लेख करून आमदाराला पत्र द्यावं, आणि त्याची एक प्रत विरोधी पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यालाही द्यावी.